पद्मिनीची पुढची काच: कुर्ल्याच्या कारागिरांचं काम कसं आहे?

प्रीमिअर पद्मिनीसारख्या जुन्या गाडीचा पत्रा मुळापासून करायचा ठरला की डेंटर, म्हणजे पत्र्याचं काम करणारा, आधी विचारतो, "पुढची काच राहू दे ना जागेवर?" राहू देऊ नका. ग्राइंडरच्या ठिणग्या काचेत रुततात आणि बारीक खड्डे पडतात. ते पॉलिशने जात नाहीत, आणि रात्री समोरच्या गाडीच्या दिव्यात प्रत्येक ठिपका चमकतो. शिवाय गंज असतो तो नेमका काचेभोवतीच्या रबराखाली. काच जागेवर ठेवून भोवती मास्किंग टेप लावून रंग मारला, तर दोन पावसाळ्यांत रबराच्या कडेने फुगे येतात.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या एका दुकानाचे दोन कारागीर गॅरेजमध्ये येऊन काच काढतात आणि रंगानंतर परत येऊन बसवतात. प्रीमिअर पद्मिनीवरचं त्यांचं दोन्ही वेळचं काम बघून हे लिहिलं आहे. थोडक्यात मत असं: काढायला त्यांना डोळे मिटून बोलवा, बसवताना मात्र शेजारी उभे राहा.

काढण्याचा त्यांचा क्रम चोख आहे. आधी वायपरचे दांडे, पण ते उपटण्यापूर्वी काचेवर टेप लावून त्यांची जागा खुणेने नोंदवतात. मग आतला आरसा. डॅशबोर्डवर जाड गोधडी. रबराच्या खाचेतली चकचकीत पट्टी एका टोकापासून हाताने, न वाकवता काढतात. एकदा मुरडलेली पट्टी सरळ केली तरी उन्हात तिची लाट दिसतेच. त्यानंतर धारदार ब्लेडने रबराचा बाहेरचा ओठ काचेच्या कडेने चारही बाजूंनी कापतात.

रबर वाचवायचा हट्ट ते धरत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मुंबईच्या उन्हात आणि खाऱ्या हवेत वर्षानुवर्षं राहिलेलं रबर लाकडासारखं कडक होतं. ते वाचवायला गेलं की जोर काचेवर येतो. मात्र नवं रबर हातात आल्याशिवाय जुन्याला ब्लेड लावू देऊ नका. नव्या रबराचा छेद जुन्याशी लावून बघा: काचेची खाच, पत्र्याची खाच, ओठाची उंची. जुन्याचा वीतभर तुकडा कोपऱ्यासकट जपून ठेवा. पद्मिनीच्या टॅक्सी 2023 पर्यंत रस्त्यावर होत्या, तोवर हे सामान सहज मिळायचं. आता "बसेल, बसेल" म्हणून भलतंच रबर गळ्यात मारलं जातं.

ओठ कापला की एक जण आत बसून वरच्या कोपऱ्याजवळ दोन्ही तळव्यांनी हळूहळू दाब देतो, दुसरा बाहेर काच झेलायला उभा असतो. मध्यभागी दाब नाही, पायाने ढकलणं नाही, आणि कडेखाली लोखंडी स्क्रू ड्रायव्हर तर नाहीच. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असलेली, असेल तर कडेला गेलेला बारीक टवका पुढे सबंध काचभर तडा होतो. टफन्ड असेल तर कडेला एक ठोका बसला तरी सगळी काच क्षणात दाण्यांचा ढीग होते. कोणती आहे ते कोपऱ्यातल्या छापावरून आधी वाचून घेतात, हे विशेष आवडलं. अर्ध्या तासात काच बाहेर. ती आडवी टाकत नाहीत. दोन लाकडी पट्ट्यांवर गोणपाट घालून, भिंतीला टेकवून जवळजवळ उभी ठेवतात.

एक गोष्ट ते सांगत नाहीत. बऱ्याच जुन्या गाड्यांत छताच्या कापडाची कड याच रबराखाली दाबलेली असते. रबर निघालं की कापड सैल होऊन लोंबतं. कापड ठेवायचं असेल तर लगेच चिमटे लावा.

पुढचं काम डेंटरचं. काचेच्या चौकटीच्या पत्र्यावरचं जुनं सीलर (फट बुजवायचा लगदा) खरवडा आणि खालचे दोन कोपरे स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. पाणी तिथेच साठतं, पत्रा तिथेच सडतो. लोहचुंबक चिकटला नाही तर तिथे पत्रा उरलेला नाही, कुणीतरी लांबी (पुट्टी) भरून रंग मारला आहे. सडलेला भाग कापून नवा तुकडा वेल्ड करावा लागतो. त्याआधी चौकटीचे दोन्ही कर्ण मोजून ठेवा, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने चौकट ओढली जाते. काचेच्या बाजूच्या खांबाला हात लागणार असेल तर आतून आडवा आधार ठोका. प्राइमरच्या, म्हणजे रंगाखालच्या अस्तराच्या, आधी काच आणि नवं रबर एकदा लावून बघा. पावसाळ्यात उघडा पत्रा रात्रभर ठेवू नका, त्याच दिवशी इपॉक्सी प्राइमर मारा. आणि चौकटीवर रंगाचे जाड थर नकोत, नाहीतर रबराची खाच त्यावर चढतच नाही.

आता बसवण्याबद्दल. पद्धत त्यांची बरोबर आहे: रबर आधी काचेवर चढवायचं, पत्र्याच्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी भरायची, तिची टोकं खाली मधोमध वीतभर एकमेकांवर घ्यायची. साबणाचं पाणी लावून काच बाहेरून टेकवायची. मग आतून दोरी काचेच्या मध्याच्या दिशेने ओढत जायची, बाहेरचा तळव्याने थापटत जातो. चकचकीत पट्टी शेवटी.

तक्रार दोन ठिकाणी आहे. साबण संपला की हात ऑइलकडे जातो. तेलाने रबर फुगतं आणि काही महिन्यांत ढिलं पडतं. साबणाचं पाणीच हवं, बादली जवळ ठेवा. दुसरी तक्रार मोठी. गळती नको म्हणून ते रबराखाली सिलिकॉनची ट्यूब फिरवतात. आंबूस वासाचं सिलिकॉन वाळताना आम्ल सोडतं आणि ओरखडा पडलेल्या पत्र्याला गंज आणतं. उद्या रंगाला हात लावायची वेळ आली तर सिलिकॉनच्या खुणांवर रंग फाटतो, बारीक खड्डे पडतात. न वाळणारं ब्यूटाइल सीलर तुम्हीच आणून हातात द्या. सांगितल्यावर ते कुरकुर न करता वापरतात.

रंग पूर्ण वाळल्याशिवाय त्यांना बोलावू नका. ओल्या रंगावर रबर बसलं की चिकटतं आणि पुढच्या वेळी रंग सोबत घेऊन येतं. पाण्याची चाचणी ते प्रेशर पंपाने करायला बघतात. त्याऐवजी साध्या पाइपची मंद धार खालच्या कडेपासून सुरू करून हळूहळू वर न्या आणि आत एक जण टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली तर सगळं पाणी खालीच उतरतं आणि गळती नेमकी कुठून आहे ते कळत नाही. ही चाचणी होईपर्यंत डॅशबोर्ड आणि पायाखालचं मॅट बसवू नका, आणि उरलेले पैसेही तोवर हातात ठेवा.