टाइप २ की टाइप ३सी? स्वादुपिंडाच्या इजेतून होणारा मधुमेह

चाळिशीपुढच्या रुग्णाची रक्तशर्करा वाढलेली दिसली, की कागदावर बहुधा ‘टाइप २’ असे लिहिले जाते. परंतु ज्याच्या स्वादुपिंडाला वारंवार सूज येऊन गेली आहे, त्याचा आजार ‘टाइप ३सी’ असू शकतो.

टाइप २मध्ये सुरुवातीला इन्सुलिन तयार होत असते, पण शरीर त्याला पुरेसा प्रतिसाद देत नाही. टाइप ३सीमध्ये स्वादुपिंड ही इन्सुलिन बनवणारी ग्रंथीच निकामी होत जाते आणि इन्सुलिनबरोबरच साखर वर आणणारे ग्लुकागॉन व अन्न पचवणारे स्रावही घटतात. त्यामुळे इन्सुलिन घेताना साखर एकाएकी फार खाली जाण्याचा धोका येथे अधिक असतो, आणि मला हाच फरक सर्वांत गंभीर वाटतो. तेलकट, तरंगणारे, उग्र वासाचे शौच, खाऊनही घटणारे वजन आणि पाठीकडे जाणारी पोटदुखी या टाइप २च्या नेहमीच्या खुणा नव्हेत. शौचाबद्दल रुग्ण संकोचामुळे बोलत नाही, म्हणून डॉक्टरांनी ते विचारलेच पाहिजे. (केरळात स्वादुपिंडात खडे होऊन, मद्याचा संबंध नसताना, तरुणांनाही असा मधुमेह झालेला दीर्घकाळ आढळत आला आहे.)

शौचातील इलास्टेज या स्वादुपिंडाच्या पाचक एन्झाइमची तपासणी आणि सीटी स्कॅन यांतून बरेच स्पष्ट होते.

टाइप २चा उपचार सहसा आहार, व्यायाम आणि मेटफॉर्मिन या औषधाने सुरू होतो. टाइप ३सीमध्ये इन्सुलिन अनेकदा लवकर लागते, आणि पचन बिघडले असल्यास प्रत्येक जेवणासोबत पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल घ्याव्या लागतात.