यूव्हर्जन बायबल अ‍ॅप: मराठी वचन-अभ्यासाला किती कामाचं?

पाळकांनी उपासनेत "फिलिप्पैकरांस पत्र, अध्याय ४" असं म्हटलं की हल्ली निम्म्या बाकांवर पानं उलटत नाहीत, मोबाइल निघतात. त्यातल्या बहुतेकांच्या मोबाइलवर असतं ते यूव्हर्जनचं बायबल अ‍ॅप. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यातल्या लाइफ चर्चने २००८ मध्ये आणलेलं, फुकट, आणि मुख्य म्हणजे जाहिराती नसलेलं. वाचायला ते सोयीचं आहे यात वाद नाही. इथे तपासायचं आहे ते वेगळं. घरसभेत, महिला मंडळात किंवा तरुण संघात वचनाचा अभ्यास करून ते आठवड्याच्या जगण्यात उतरवायचं असेल, तर हे अ‍ॅप किती साथ देतं? आमचं मत थोडक्यात असं: अनुवादांची तुलना करायला उत्तम, ऐकायला चांगलं, पण अभ्यासाचं मुख्य पुस्तक म्हणून अपुरं. आणि त्यातलं 'आजचं वचन' जपून वापरावं.

आधी मांडणी. मराठीत निवडायला एकापेक्षा जास्त अनुवाद आहेत. बायबल सोसायटी ऑफ इंडियाचं आर.व्ही., म्हणजे बहुतेक प्रॉटेस्टंट घरांत ज्याची भाषा कानात बसलेली आहे ते. इंडियन रिवाइज्ड व्हर्जन, ज्याला आय.आर.व्ही. म्हणतात. आणि बिब्लिकाची मराठी समकालीन आवृत्ती, जी पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाला न अडखळता वाचता येते. अनुवाद निवडताना त्यात जुना करार आहे की नाही हे आधी बघा. काही अनुवाद फक्त नव्या कराराचे असतात आणि ऐन अभ्यासात यशया उघडायला गेल्यावर ते कळतं. दुसरं, नेट नसताना वाचण्यासाठी अनुवाद उतरवून घेण्याची मुभा प्रत्येक प्रकाशकाच्या परवानगीवर ठरते, म्हणून एका अनुवादाला मिळाली म्हणजे दुसऱ्याला मिळेलच असं नाही. चर्चच्या जाड भिंतींआड किंवा गावाकडच्या घरसभेत रेंज जाते. तेव्हा जो अनुवाद वाचायचा आहे तो आदल्या दिवशी घरीच उतरवून, नेट बंद करून एकदा उघडून बघावा. खातं उघडल्याशिवाय टिपणं आणि रंगवलेली वचनं जपली जात नाहीत, हेही सुरुवातीलाच उरकून घ्यावं.

आता अ‍ॅपची खरी ताकद. वचनावर बोट ठेवलं की तेच वचन बाकीच्या अनुवादांत एकाखाली एक बघता येतं. छापील प्रतींनी हे करायचं तर टेबलावर तीन जाड ग्रंथ पसरावे लागतील. त्याचा उपयोग कुठला शब्द अधिक सुंदर आहे हे ठरवायला नाही. जिथे अनुवाद खरोखर वेगळे जातात तिथे कधी कधी मूळ हस्तलिखितांतच फरक असतो, आणि तो लक्षात येतो. मार्क १६:९-२० आणि योहान ७:५३ ते ८:११ हे भाग सर्वांत जुन्या ग्रीक हस्तलिखितांत नाहीत. त्यामुळे कुठे ते कंसात येतात, कुठे तळटीप येते. गटातल्या एखाद्याने "माझ्या बायबलात हे वचनच नाही" असं म्हटलं की अभ्यास घेणारा गोंधळतो आणि विषय भरकटतो. तुलना आणि तळटीप आधी बघून ठेवली असेल तर दोन मिनिटांत उत्तर देऊन पुढे जाता येतं.

ऐकण्याची सोय ज्या अनुवादाला आहे त्यावर स्पीकरचं चिन्ह दिसतं. मोतीबिंदू झालेल्या आजींना किंवा अक्षरओळख नसलेल्या बहिणींना हा भाग छापील बायबलापेक्षा शंभरपटीने मोलाचा आहे. बाकीच्यांनाही आम्ही सुचवू: ज्या पत्राचा अभ्यास करायचा ते आधी सलग ऐका. फिलिप्पैकरांस पत्रात ४ अध्याय आणि १०४ वचनं आहेत. पाऊण तासही लागत नाही, त्याच्या निम्म्याहून कमी वेळात होतं. पत्र जेव्हा फिलिप्पैच्या मंडळीत पोहोचलं तेव्हा तेही वाचून दाखवलं गेलं असणार, तुकड्यातुकड्यांत नव्हे.

तुकड्यांवरून 'आजचं वचन'. रोज सकाळी एक वचन, मागे डोंगर किंवा सूर्योदय, आणि एका बोटात व्हॉट्सअ‍ॅपवर पुढे. वचन खोटं नसतं, पण एकटं असतं. यिर्मया २९:११ घ्या, म्हणजे भविष्य आणि आशा देण्याचे परमेश्वराचे संकल्प. वाढदिवसाला, बारावीच्या निकालाला, नव्या नोकरीला हेच चित्र फिरतं. अ‍ॅपमध्ये त्या चित्रावरून पूर्ण अध्यायावर जायला फक्त एक टिचकी लागते, ती कुणी मारत नाही. मारली तर दिसतं ते असं: हे यिर्मया संदेष्ट्याने यरुशलेमहून बाबेलातल्या बंदिवानांना लिहिलेलं पत्र आहे. वचन १० मध्ये सत्तर वर्षांचा उल्लेख आहे. म्हणजे ज्यांनी ते पहिल्यांदा ऐकलं त्यांतले बहुतेक परत येणार नव्हते. मागच्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं ठीक होईल असं सांगत होता (२८:३), आणि लोकांना अर्थातच तो आवडत असणार. मग या सत्तर वर्षांत करायचं काय? ते २९:५-७ मध्ये आहे: घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, आणि ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्याच्या भल्यासाठी झटा, त्यासाठी प्रार्थना करा. आचरणात आणायची आज्ञा तिथे आहे, आणि ती कधी सूर्योदयाच्या चित्रावर येत नाही. पुण्यात, सुरतेत किंवा न्यूजर्सीत पोटासाठी गेलेल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबाला त्या तीन वचनांत करण्यासारखं खूप आहे.

तेव्हा 'आजचं वचन' ठेवायचंच असेल तर एक शिस्त पाळा: पुढे पाठवण्याआधी वरची दहा आणि खालची दहा वचनं वाचायची. वेळ नसेल तर पाठवायचं नाही.

गटाच्या अभ्यासात अ‍ॅप कसं वापरावं हे फिलिप्पै ४:१०-२० वर दाखवता येईल, कारण चुकायला सगळ्यात सोपा उतारा हाच आहे. ४:१३, म्हणजे 'मला सामर्थ्य देणाऱ्याच्या साहाय्याने मी सर्व काही करू शकतो', हे पाठ नसलेला माणूस मंडळीत सापडणार नाही, आणि ४:१२ पाठ असलेला क्वचितच.

सहा ते दहा जण, सव्वा तास. गीत आणि प्रार्थनेला दहा मिनिटं पुरेत. पहिली वीस-पंचवीस मिनिटं मोबाइल पालथे. उतारा दोनदा मोठ्याने वाचायचा, एकदा आर.व्ही.तून आणि एकदा समकालीन आवृत्तीतून, वेगवेगळ्या आवाजांत. मग फक्त दिसतं ते सांगायचं: कोण, कुठे, कधी, कुणाला. पत्र लिहिणारा पौल बंधनात आहे (१:७, १:१३). मंडळीने एपफ्रदीताच्या हाती मदत पाठवली आहे (२:२५, ४:१८). विपुलतेत आणि भुकेत, दोन्हीकडे तृप्त राहायला तो शिकला आहे (४:११-१२). आणि मग येतं ४:१३. या टप्प्यावर कुणी "याचा अर्थ असा की..." म्हणून सुरू झालं तर अभ्यास घेणाऱ्याने त्यांना नम्रपणे थांबवावं. ज्येष्ठ बंधूंना थांबवणं अवघड जातं, पण इथे सैल सोडलं की उरलेला वेळ त्यांच्या संदेशात जातो आणि तरुण मंडळी पुढच्या वेळी येत नाहीत.

मोबाइल उलटायचे ते दुसऱ्या टप्प्यात. आता संदर्भ जुळवायचे, तुलना बघायची, तळटीप उघडायची. इथे अ‍ॅपचा एक दोष आडवा येतो. पडद्यावर एका वेळी एकच अध्याय दिसतो आणि अध्याय संपला की विचारही संपला असं वाटतं. ते अध्याय तेराव्या शतकात पाडले गेले, आणि आज वापरात असलेले नव्या कराराचे वचनांक रॉबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. पौलाला दोन्हींचा पत्ता नव्हता. फिलिप्पै ४:१ ची सुरुवातच 'म्हणून' अशी आहे. कशाचं म्हणून, ते ३:१७-२१ मध्ये आहे, आणि अ‍ॅपवर तिथे जायला पडदा मागे सरकवावा लागतो. १ करिंथ ११:१ चं तेच, त्याचा धागा १०:३१-३३ ला जोडलेला. नेम असा ठेवा की अध्यायाच्या पहिल्या वचनापासून अभ्यास असेल तर मागच्या अध्यायाची शेवटची पाच वचनं आधी उघडायची.

रंगवण्याची सोय छान दिसते, कामाला अर्धवट आहे. रंग पूर्ण वचनाला लागतो, अर्ध्याला नाही. ४:१२ मध्ये भूकही आहे आणि विपुलताही. दोन्हींना दोन खुणा करायच्या तर पेन्सिलच हवी. यावर उपाय म्हणजे छापील पान. उतारा कागदावर घ्यायचा, वचनांक आणि अनुवादकांनी घातलेले ठळक मथळे काढून टाकायचे, ओळींत दुप्पट अंतर आणि उजवीकडे चार बोटं समास सोडायचा. मथळे मूळ लेखनाचा भाग नाहीत, पण वाचणारा आधी मथळा वाचतो आणि मग उताऱ्यात तेच शोधत बसतो, म्हणून ते काढणं महत्त्वाचं. २३ वचनांचा चौथा अध्याय ए-४ कागदाच्या दोन बाजूंत आरामात बसतो. मात्र कुठला मजकूर छापता यावर लक्ष द्या. आर.व्ही.चे हक्क बायबल सोसायटीकडे आहेत. मोठे उतारे छापून वाटायचे तर त्यांची परवानगी लागते. आय.आर.व्ही. मुक्त परवान्यावर आहे: श्रेय द्यायचं, काही बदललं असेल तर तसं लिहायचं, आणि बदललेला मजकूर त्याच परवान्याखाली वाटायचा. झेरॉक्ससाठी म्हणून तोच वापरावा.

तिसरा टप्पा आचरणाचा, आणि तिथे कुठलंच अ‍ॅप कामाला येत नाही. ४:१४-१६ मध्ये पौल म्हणतो की माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात. सुरुवातीला देण्याघेण्यात फक्त तुमचीच मंडळी सामील झाली. मी थेस्सलनीकात असतानाही तुम्ही एकदा नव्हे, पुन्हा पाठवलंत. म्हणजे उतारा मदतीचा आहे, परीक्षेत पहिला येण्याचा नाही. मग आचरण काय? "मी जास्त प्रार्थना करीन" हे लिहू देऊ नका, कारण पुढच्या आठवड्यात ते विचारता येत नाही. कोण, काय आणि कधीपर्यंत, एवढं असलं पाहिजे: अमुक घरातल्या आजारी माणसाची औषधं या शनिवारपर्यंत, तुरुंगात असलेल्याच्या कुटुंबाकडे महिन्याचा किराणा, आणि पुढच्या महिन्यातही, कारण फिलिप्पैकरांनी एकदाच देऊन हात झटकले नव्हते. पुढची सभा याच प्रश्नाने सुरू करायची, गीताच्याही आधी. याकोब १:२२ वर, म्हणजे वचन नुसतं ऐकू नका, आचरा यावर, दहा संदेश ऐकण्यापेक्षा हे जड जातं. सभेला येणारे कमी झाले तर बहुधा याच प्रश्नामुळे, त्याला इलाज नाही.

अ‍ॅपमधल्या वाचन-योजना याच जागी कमी पडतात. मित्रांसोबत योजना सुरू करता येते, रोजच्या वाचनाखाली आपापलं मनन लिहिता येतं, आणि वेगवेगळ्या शहरांत पांगलेल्या भावंडांना ते खरोखर उपयोगाचं आहे. मागे पडलात तर तारखा पुढे सरकवून घेता येतात, हीही चांगली सोय. पण बऱ्याच योजनांत मननाचा मजकूर वचनांपेक्षा लांब असतो, मराठी भाषांतराची वाटते, आणि वाचन होतं एखाद-दोन वचनांचं. सलग किती दिवस अ‍ॅप उघडलं याचा आकडाही समोर येत राहतो. तो आकडा जपण्यासाठी रात्री पावणेबाराला घाईने एक वचन बघून झोपणारे कमी नाहीत. योजना घ्यायचीच तर एखादं पुस्तक पूर्ण वाचायला लावणारी घ्या आणि मननाचा भाग शेवटी वाचा, आधी नाही.

शोधाबद्दल एक गोष्ट. मराठीत शब्द विभक्तीने बदलतो, म्हणून 'मेंढपाळ' टाकून थांबू नका, 'मेंढपाळाने', 'मेंढपाळांना' हेही टाकून बघा. अनुवाद बदलला की शब्दही बदलू शकतो. नावांचा ऱ्हस्व-दीर्घही अनुवादागणिक वेगळा असू शकतो, त्यामुळे 'दानीएल' नाही सापडला तर 'दानिएल' बघा.

वसई किंवा गोव्यातल्या कॅथलिक वाचकांनी उतरवण्याआधी हे लक्षात घ्यावं: वर सांगितलेल्या तिन्ही मराठी अनुवादांत ६६ पुस्तकं आहेत, कॅथलिक बायबलातली ७३ नाहीत. मिस्सेच्या वाचनात बेन सिराचा किंवा ज्ञानग्रंथाचा उतारा आला तर तो या अनुवादांत सापडणार नाही. त्यासाठी धर्मग्रामातली छापील प्रतच जवळ ठेवावी.