500 चिप्सची पेटी: 18 जणांच्या पोकर स्पर्धेला पुरते का?

पुरते, पण चिप्सवर (डावात पैशांऐवजी लावायच्या चकत्यांवर) आकडे छापलेले असतील तरच. बाजारात सगळ्यात जास्त दिसते ती 11.5 ग्रॅमच्या, कडेला फाशाच्या ठिपक्यांची नक्षी असलेल्या कोऱ्या चिप्सची पेटी. ती स्वस्त आहे, पण स्पर्धेसाठी घेऊ नका. "निळी केवढ्याची?" हे दर डावाला विचारावे लागते. 200/400 च्या ब्लाइंडला (दर डावाच्या सुरुवातीला दोघांनी सक्तीने लावायची छोटी आणि मोठी रक्कम) कोणी तोंडाने 'रेझ' (बोली वाढवतो) न म्हणता 1000 ची एकच चिप पुढे टाकली, तर नियमाने तो कॉल, म्हणजे आधीच्या बोलीइतकेच लावणे, ठरतो. आकडा दिसत नसेल तर त्यावरून हमखास भांडण. आणि समोरच्याकडे किती उरलेत हे नजरेने मोजता येत नसेल, तर चांगला खेळाडूही नको तिथे ऑल-इन करतो, म्हणजे हातातले सगळे लावून बसतो. 1 आणि 5 च्या चिप्सची पेटीही टाळा, ती रोख खेळासाठी असते. 25, 100, 500, 1000 आणि 5000 असे आकडे हवेत. (महाराष्ट्रात पैसे लावून खेळण्याला 1887 चा जुगार प्रतिबंधक कायदा आड येतो; इथली स्पर्धा चषकापुरतीच ठेवा.)

रंगांची विभागणी घेण्याआधी मोजा. 150 पांढऱ्या (25), 150 लाल (100), 100 हिरव्या (500), 50 निळ्या (1000) आणि 50 काळ्या (5000) अशी पेटी उत्तम. प्रत्येकाला 8 पांढऱ्या, 8 लाल, 4 हिरव्या, 2 निळ्या, 1 काळी द्या. बरोबर 10,000 होतात. नऊ-नऊच्या दोन टेबलांना 414 चिप्स लागतात. एकोणिसावा खेळाडू आला की पांढऱ्या आणि लाल संपतात, तिथे या पेटीची मर्यादा.

ब्लाइंड 25/50 पासून दर 20 मिनिटांनी वाढवा: 50/100, 75/150, 100/200, 150/300, 200/400, 300/600. बहुतेक ठिकाणी चूक होते ती, आता लहान चिप्स लागणार नाहीत असे समजून, 100/200 लाच पांढऱ्या गोळा करण्यात. मग 150 चा छोटा ब्लाइंड भरायचा कशाने? 150/300 संपू द्या, मग उचला. पेटीत शिल्लक लाल सहाच असतात, म्हणून सुटे देत बसू नका: 8 पांढऱ्या आणि 3 लाल घेऊन एक हिरवी द्या. उरलेल्या सुट्या पांढऱ्यांसाठी प्रत्येक चिपमागे एक पत्ता वाटा आणि मोठ्या पत्त्याला लाल द्या, एका खेळाडूला एकच. कुणाची शेवटची चिप मात्र या सोडतीत जाता कामा नये. पुढे 400/800, 500/1000, 800/1600 आणि मग 1000/2000 ला लाल उचला. पाच तासांच्या आत निकाल लागतो. खेळणाऱ्यालाही या गतीचा अंदाज हवा: 300/600 ला हातात 6000 असतील तर ते फक्त दहा मोठे ब्लाइंड आहेत. तिथून पुढे छोटे रेझ करून मागे हटणे परवडत नाही, एक तर ऑल-इन नाही तर फोल्ड (पत्ते टाकून डाव सोडणे).

पेटीतले पत्ते बाजूला ठेवा. कागदी पत्त्यांचे कोपरे दोन तासांत दुमडतात, पावसाळ्यात तर ते फुगून एकमेकांना चिकटतात, आणि दुमडलेला एक्का सगळ्या टेबलाला ओळखू येतो. कोपॅग किंवा केम कंपनीचे पूर्ण प्लास्टिकचे पत्ते घ्या, मोठ्या आकड्यांचे. प्रत्येक टेबलाला वेगळ्या रंगाच्या पाठीचे दोन कॅट हवेत: एक वाटला जात असताना दुसरा पिसला जातो. एवढ्याने तासाला कितीतरी डाव जास्त होतात. तळाचा पत्ता झाकायला एक कोरे प्लास्टिकचे पान ठेवा.

नव्या चिप्स गुळगुळीत असतात, वीसची चळत घसरते. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून पुसून घ्या, पण भिजत ठेवू नका. आत धातूची चकती असते, ती गंजते. नुसत्या चिप्सच पावणेसहा किलो भरतात, तेव्हा पेटी उचलताना खालून हात द्या. ॲल्युमिनियमच्या पेटीची मूठच आधी निखळते.