पत्र्याचा डबा, कापडी गुंडाळी की तयार किट? लहान मुलांची प्रवासातली खेळपेटी

गणपतीला कुडाळला जायचं म्हटलं की आमच्याकडे आधी तिकिटांची काळजी, आणि तिकिटं हाती आली की पोरांना गाडीत काय द्यायचं याची. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेतीनची. आजवर मी खेळाची पेटी तीन तऱ्हांनी करून पाहिली: बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या जीन्सच्या खिशांची गुंडाळी शिवून, आणि झिपच्या पारदर्शक पाकिटांत. एकदा दुकानातून तयार किटही आणलं. यातलं काय निवडावं या विचारात तुम्ही असाल, तर माझी एकच कसोटी आहे. मुलाच्या हातून वस्तू निसटली की पुढे काय होतं, ते आधी बघा. पेटी दिसते कशी, मूल त्यातून शिकतं काय, हे नंतर.

पाच वर्षांखालच्या मुलाला रेल्वेत तिकीट लागत नाही, पण त्याला स्वतःची जागाही मिळत नाही. एसटीतही तसंच, पाचच्या पुढे बारापर्यंत अर्धं तिकीट. म्हणजे धाकटं पोर आपल्या मांडीवर आणि त्याची पेटी त्याच्या मांडीवर. सणाच्या गर्दीत पायाखाली पिशव्या, पिशव्यांच्या मध्ये कुणाची तरी नारळाची गोणी. तिथे गोल मेणखडू एकदा सुटला की थेट समोरच्या बाकाखाली जातो. मूल भोकाड पसरतं, आपण वाकतो, तेवढ्यात दुसरा खडू घरंगळतो.

पत्र्याचा डबा

रेल्वेसाठी मला हाच सगळ्यात आवडतो. चपटा, साधारण वहीएवढा डबा घ्या. झाकण उलटं मांडीवर ठेवलं की काठ असलेलं ताट तयार होतं, आणि खडू काठाला अडतो. बिस्किटांचा पत्रा मुळात पोलादाचा असतो, त्यामुळे त्याला चुंबक चिकटतं. जाहिरातीची चपटी, लवचिक चुंबकं फ्रिजवर लावायला घरोघरी येतात. ती कात्रीने सहज कापता येतात. त्यांवर मी जुन्या लग्नपत्रिकांवरची चित्रं चिकटवली: हत्ती, मोर, कलश, सनईवाला. गाडी कितीही हलली तरी हत्ती जागचा हलत नाही. धाकटी या सनईवाल्याला हत्तीवर बसवते, मग मोराला, मग दोघांना कलशात घालते, आणि चिपळूण कधी येतं कळत नाही.

घरातला स्टीलचा डबा घ्यायचा विचार असेल, तर आधी चुंबक लावून बघा. निकेल जास्त असलेल्या चांगल्या प्रतीच्या स्टीलला ते बहुधा चिकटतच नाही.

मात्र इथे एक गोष्ट अगदी ठासून सांगते. छोटी, गोल, चकचकीत, जोरकस चुंबकं पेटीत अजिबात घालू नका. अशी दोन पोटात गेली तर आतड्याच्या दोन वेढ्यांमधून एकमेकांना ओढून धरतात, आतड्याला भोक पडू शकतं आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

डब्याचे तोटेही आहेत. झाकणाची आतली कड धारदार असते. तिच्यावरून आधी बोट फिरवा आणि कापडी चिकटपट्टी लावून टाका. रात्रीच्या गाडीत झाकण पडलं तर अख्खा डबा जागा होतो, म्हणून तळाशी जुन्या बनियनचा तुकडा घाला. आणि कारमध्ये हा डबा नकोच. करकचून ब्रेक लागला तर कडक, जड वस्तू पुढे फेकली जाते.

कापडी गुंडाळी

कारमध्ये प्रश्नच वेगळा असतो. चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा त्याच्या मापाची सुरक्षा बैठक कायद्यानेच बंधनकारक आहे, आणि बांधलेल्या मुलाला पडलेली वस्तू उचलता येत नाही. ती उचलायला पुढच्या सीटवरून आपल्यालाच वळावं लागतं, किंवा त्याहून वाईट म्हणजे गाडी चालवणारा वळतो. गुंडाळीत हे टळतं, कारण प्रत्येक वस्तू नाडीने खिशाला बांधलेली असते. निसटली तर लोंबकळते, मूलच ती ओढून घेतं. नाडी वीतभरच ठेवा. गळ्याभोवती जाईल इतकी लांब नको.

माझ्या गुंडाळीत सहा खिसे आहेत. एकात रंगीत पेन्सिल, एकात बोटातली बाहुली, एकात बटण आणि काजाची पट्टी, एकात मोठ्या भोकांचं पुठ्ठ्याचं पान आणि ते ओवायला बुटाची नाडी. उरलेल्या दोन खिशांत काय घालायचं ते पोरं ठरवतात. शिवायला मला दोन दुपारी लागल्या. हाताने टाके घालणार असाल तर आठवडा धरा. मळली की धुता येते, हे तिचं मोठं सुख. पण भाद्रपदात कोकणात ती लवकर वाळत नाही आणि कुबट वास धरते. चित्र काढायला खाली कडक काही नसतं, म्हणून मागच्या खिशात जाड वहीचा पुठ्ठा सरकवते आणि धुताना काढून घेते.

एसटीलाही गुंडाळीच बरी. घाटात मात्र तीही बंद करा. मान खाली घालून पुस्तक किंवा चित्र बघताना डोळ्यांना सगळं स्थिर दिसतं आणि कानाच्या आतलं तोल सांभाळणारं इंद्रिय सांगतं की आपण वळतोय. या गोंधळातून मळमळ सुरू होते, आणि दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास सगळ्यात जास्त होतो. आंबोली किंवा आंबा घाट लागला की आमच्याकडे पेटी पिशवीत आणि नजर खिडकीबाहेर. तेव्हा गाणी, भेंड्या, समोरून येणारे लाल डबे मोजणं.

झिपची पाकिटं

पाच वर्षांपुढच्या मुलाला हीच द्या. एका पाकिटात एकच खेळ. एक आत गेल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. पाकीट पडलं तरी आतलं आतच राहतं, आणि आत काय आहे ते बाहेरून दिसतं. करायला अर्धा तास पुरतो, पैसेही किरकोळ. पण लहानाला झिप उघडता येत नाही, तो दर दोन मिनिटांनी आपल्याकडे येतो. शिवाय प्लास्टिक आहे. तोंडावर बसणार नाही इतकी छोटी पाकिटं घ्या आणि पंचने भोकं पाडा.

तयार किट

याची एक जमेची बाजू खरोखर मोठी आहे. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. रंग, कडा, सुटे भाग यांची कुणीतरी तपासणी केलेली असते. घरी केलेल्या पेटीची तपासणी आपल्यालाच करावी लागते. मी टॉयलेट पेपरची रिकामी पुठ्ठ्याची नळी वापरते: जी वस्तू तिच्यातून खाली पडते ती तीन वर्षांखालच्या मुलाला द्यायची नाही. चिंचोके, कवड्या, शर्टाची बटणं, मणी सगळे त्यात गळतात.

पण आम्ही आणलेल्या किटमध्ये लाकडाचे गोल मणी होते. त्यांतले निम्मे पनवेलच्या आतच बाकाखाली गेले, आणि माणगाव येईतो उरलेला खेळही संपला. त्यात भर घालायला काही नव्हतं. वेळ अजिबात नसेल तर घ्या. चिन्ह बघा आणि घरंगळणारं काही आहे का तेही.

थोडक्यात काय करावं असं विचाराल, तर रेल्वेला डबा, कारला आणि एसटीला गुंडाळी, मोठ्याच्या पाठपिशवीत पाकिटं. आणि तिन्हींत एक वस्तू हवीच: साध्या टिकल्यांची दोन-तीन पाकिटं. याहून स्वस्त आणि चांगले स्टिकर मला अजून मिळालेले नाहीत. फक्त मोठ्या, गोल, बिनखड्याच्या घ्या.

कोकण रेल्वेच्या पूर्ण मार्गावर ९० हून जास्त बोगदे आहेत. मी पोस्टकार्डाएवढ्या पुठ्ठ्यावर डोंगर काढून देते, आणि बोगदा संपला की एक टिकली डोंगरावर. गेल्या वर्षी रत्नागिरीच्या अलीकडे कर्बुड्याचा बोगदा लागला. साडेसहा किलोमीटरचा, या मार्गावरचा सगळ्यात लांब. खिडकी काळी झाली, आवाज घुमायला लागला. धाकटी टिकली बोटाच्या टोकावर घेऊन तयार बसली होती. अंधार संपेचना. ती माझ्याकडे बघे, खिडकीकडे बघे, बोट तसंच वर. शेवटी उजेड आला तेव्हा ती टिकली तिने डोंगरावर न लावता माझ्या कपाळावर लावली.

पावसाळी वेळापत्रकात गाडी हळू चालते, त्यामुळे घड्याळाकडे बघून पेटी भरू नका. एक नवी वस्तू स्वतःच्या पर्समध्ये दडवून ठेवा आणि रत्नागिरी सोडल्याशिवाय ती बाहेर काढू नका.