कॉम्प्युटर शिकवणारा गेम करायचाय: स्क्रॅच, गोडो की सरळ पुठ्ठा?

मिनी प्रोजेक्टला शाळेतल्या मुलांसाठी कॉम्प्युटर सायन्सचा गेम घेतलाय आणि कशात करायचा यावरून ग्रुपमध्ये जुंपलीये? मग आधी एवढंच ठरवा, मुलं तो खेळणार कशावर. शाळेच्या लॅबमधला पीसी, आईचा फोन, की वर्गातली फरशी?

लॅबचा पीसी असेल तर स्क्रॅच. ब्लॉक जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर, एमआयटी मीडिया लॅबमध्ये तयार झालं, 2007 पासून आहे, फुकट. पूर्वी फ्लॅश नावाच्या प्लगइनवर चालायचं, 2019 ला 3.0 आलं तेव्हापासून साध्या ब्राउझरमध्ये चालतं, ऑफलाइन अ‍ॅपही आहे म्हणजे ऐन डेमोला नेट गेलं तरी वांधे नाहीत. लूप, इफ-एल्स, व्हेरिएबल या प्रोग्रामिंगच्या मूळ गोष्टी शिकवायला झकास, वर मुलं तुमचाच गेम उघडून ब्लॉक इकडचे तिकडे करून बघू शकतात. पण थेट एपीके (अँड्रॉइड फोनवर टाकायची अ‍ॅपची फाइल) निघत नाही. आणि एक्स्टर्नल (बाहेरून आलेले परीक्षक) "हे तर पोरासोरांचं" म्हणाले तर उत्तर तयार ठेवा.

फोनवरच हवा असेल तर गोडो. गेम बनवायचं सॉफ्टवेअर, ओपन सोर्स, रॉयल्टी नाही, त्याची भाषा जीडीस्क्रिप्ट बरीचशी पायथनसारखी. युनिटी या गोडोसारख्याच सॉफ्टवेअरच्या कंपनीने 2023 ला इन्स्टॉलमागे फी जाहीर केली (2024 ला मागेही घेतली) तेव्हा बरेच जण इकडे वळले. खरी गोम मराठीत आहे. गोडो 3 मध्ये 'किती' लिहिलं की वेलांटी क सोडून पुढे जाऊन बसते, जोडाक्षरांचे तर पाय मोडतातच. गोडो 4 मध्ये हे सुटलंय, तेव्हा जुना व्हिडिओ बघून 3 टाकू नका. फॉन्टही प्रोजेक्टमध्येच टाका, आपल्या मुंबईच्या एक टाइपवाल्यांचा मुक्ता फुकट मिळतो, नाहीतर वेब व्हर्जनमध्ये अक्षरांऐवजी नुसते चौकोन.

आणि पुठ्ठा. हसू नका, बायनरीसाठी (फक्त 0 आणि 1 ने आकडे लिहायची पद्धत) याच्याइतकं भारी काही नाही. पाच मुलं ओळीत, हातात 16, 8, 4, 2, 1 ठिपक्यांची कार्डं. "19 करा" म्हटलं की 16, 2 आणि 1 वाली कार्डं दाखवतात, बाकीचे उलटी धरतात, दाखवलेलं 1, उलटं 0, झालं 10011. मग 32 सांगायचं. सगळी कार्डं दाखवली तरी 31 च्या वर जात नाही, थोडी चुळबुळ होते आणि कुणीतरी म्हणतंच, अजून एक जण पाहिजे. बिट म्हणजे 0 किंवा 1 ची एक जागा, हे वेगळं सांगावं लागत नाही. ही आयडिया न्यूझीलंडच्या कँटरबरी विद्यापीठातल्या सीएस अनप्लग्डची, साहित्य नेटवर फुकट. खर्च काय तर मुंबईच्या अब्दुल रेहमान स्ट्रीटवरून कार्डशीट आणि थोडं लॅमिनेशन.

कशातही करा, गोळीबार करता करता मध्येच "सीपीयूचा फुल फॉर्म सांगा" असला क्विझ नको, त्यात पोरं फक्त गोळीबार शिकतात. बायनरी सर्च (दर वेळी अर्धे पर्याय बाद करत शोधणं) शिकवायचाय तर 1 ते 100 मधला आकडा हो-नाहीच्या सातच प्रश्नांत शोधायला लावा, मधोमध तोडल्याशिवाय पोरगं नेहमी जिंकूच शकणार नाही.

माझं मत विचाराल तर आधी पुठ्ठ्यावर खेळवून नियम पक्के करा, मग स्क्रॅच. ग्रुपमध्ये कुणीच आधी गेम केलेला नसेल तर गोडो पुढच्या सेमला बघा.