परचक्राच्या गोष्टी सहा इंची ई-रीडरवर : काही महिने वापरल्यानंतर

ब्रँड सांगत नाही. सहा इंची, कृष्णधवल, ई-इंकचे (कागदासारख्या दिसणाऱ्या पडद्याचे) रीडर सगळे उन्नीस-बीसच असतात. सेलमध्ये घेतला तो एका ठरावीक वाचनासाठी. १८७१ पासून पहिल्या महायुद्धापर्यंत इंग्लंडमध्ये ‘आपल्यावर परचक्र आलं तर’ या कल्पनेवर कादंबऱ्यांचं पेव फुटलं होतं. त्या ओळीने वाचायच्या होत्या. बहुतेकांचे प्रताधिकार कधीच संपलेत, प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या संकेतस्थळावर त्यांच्या ईपब, म्हणजे ई-पुस्तकाच्या फायली, फुकट मिळतात, आणि मोबाइलवर अख्खी कादंबरी वाचायला डोळे आता साफ नकार देतात.

यंत्राबद्दल आधी उरकून घेतो. चार्जर कुठे ठेवलाय ते विसरायला होतं, इतकी बॅटरी टिकते. झोपताना वाचायला उजेड पुरेसा. शब्दावर बोट दाबलं की अर्थ येतो, पण एकोणिसाव्या शतकातले लष्करी शब्द आले की कोश हात वर करतो. खरी रड नकाशांची आणि स्कॅन केलेल्या पीडीएफची आहे, ती पुढे येईलच.

सुरुवात जॉर्ज चेस्नी यांच्या ‘द बॅटल ऑफ डॉर्किंग’पासून केली. मे १८७१ मध्ये ‘ब्लॅकवुड्स मॅगझिन’मध्ये निनावी छापून आलेली ही गोष्ट एका बैठकीत संपते. आदल्याच वर्षी प्रशिया या जर्मन राज्याने फ्रान्सची दाणादाण उडवली होती, त्यामुळे लोकांच्या पोटात गोळा आलेलाच होता. एक म्हातारा आपल्या नातवंडांना पन्नास वर्षांपूर्वीची हकिगत सांगतोय : आरमार जगभर विखुरलेलं, फौजेचा एक भाग हिंदुस्थानातला उठाव मोडायला गेलेला, आणि शत्रू किनाऱ्यावर उतरला. उरलेलं आरमार शत्रूच्या कसल्याशा ‘घातक यंत्रां’नी एकापाठोपाठ एक तळाला धाडलं. ती यंत्रं कसली, कशी चालतात, अवाक्षर नाही. पण स्वयंसेवकांच्या पलटणीला खायला मिळत नाही, हुकमांचा पायपोस नाही, हा सगळा गोंधळ मात्र असा रंगवलाय की लेखक लष्करातला असणार हे लगेच कळतं. पुढे हे प्रकरण एवढं तापलं की पंतप्रधान ग्लॅडस्टन यांना जाहीर भाषणात अशा घबराटीविरुद्ध बोलावं लागलं.

चेस्नी होतेच लष्करातले. बेंगॉल इंजिनिअर्सचे अधिकारी, १८५७ च्या दिल्लीच्या वेढ्यात ते जबर जखमी झाले होते. आपल्याकडे गोडसे भटजींनी झाशी पडताना आतून पाहिली आणि लिहून ठेवली. चेस्नी दिल्लीच्या तटाबाहेर होते. दुसऱ्याचं शहर पडताना पाहिलेल्या माणसाने पुढे स्वतःचं शहर पाडून दाखवलं, हे डोक्यात ठेवून वाचलं की शेवटची पानं, घरात घुसून जेवायला बसलेले शत्रूचे शिपाई वगैरे, जास्त झोंबतात. विशेष म्हणजे हिंदुस्थानच्या बांधकाम खात्यासाठी इंजिनिअर तयार करणारं कूपर्स हिलचं कॉलेजही याच गृहस्थांनी उभं केलं.

विल्यम ल क्यू यांच्या ‘द इन्व्हेजन ऑफ १९१०’ने मात्र अंत पाहिला. १९०६ मध्ये ‘डेली मेल’मध्ये ती क्रमशः आली. जर्मन फौज कुठल्या गावांवरून जाणार, हे पेपरचा खप कुठे वाढेल ते बघून बदलण्यात आलं, हा किस्सा प्रसिद्धच आहे. जाहिरातीसाठी लंडनच्या रस्त्यांवर प्रशियन गणवेशातली माणसं पाट्या घेऊन फिरवली होती. याच लेखकाच्या १८९४ च्या पुस्तकात शत्रू फ्रान्स आणि रशिया होते. १९०४ मध्ये फ्रान्सशी समेट झाला, शत्रू बदलला, गोष्ट तीच! वर फर्माने, तक्ते, नकाशे. माझ्याकडे याची स्कॅन केलेली पीडीएफ होती. सहा इंचांवर एक पान वाचायला चारदा सरकवावं लागतं आणि नकाशात नुसती राखाडी धूळ दिसते. निम्म्यावर सोडली.

अर्स्किन चिल्डर्स यांची ‘द रिडल ऑफ द सँड्स’ (१९०३) याच्या उलट. जर्मनीच्या किनाऱ्यालगतच्या फ्रिझियन बेटांजवळच्या उथळ वाळूतून दोघे मित्र छोटी शिडाची बोट हाकताहेत, एवढ्यावर पुस्तक तोललंय, आणि हल्ला शेवटपर्यंत होतच नाही. भरती-ओहोटीचे तपशील नकाशाशिवाय निरर्थक, म्हणून शेजारी मोबाइलवर नकाशा उघडा ठेवून वाचली. रीडरला इथे शून्य मार्क.

आता एच. जी. वेल्स. ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’ (मासिकात १८९७, पुस्तक १८९८) मी कॉलेजात वाचली होती, तेव्हा मंगळवासी आणि त्यांचा उष्णकिरण तेवढा लक्षात राहिला. चेस्नीनंतर वाचली तर वेगळीच निघाली. चेस्नीच्या लढाईचं डॉर्किंग लंडनजवळच्या सरे परगण्यात, वेल्सचं वोकिंगही सरेतच. वेल्स तेव्हा वोकिंगलाच राहायचे आणि कुठली घरं, कुठले रस्ते जमीनदोस्त करायचे ते सायकलवरून हिंडून हेरून ठेवायचे. मंगळवासींना घेऊन आलेला दंडगोल माळावर पडलाय, तरी स्टेशनात गाड्या वेळेवर येताहेत. दुसऱ्या दिवशी दूधवाला नेहमीसारखा येतो. शेजारी बागेत काम करता करता कुंपणावरून मूठभर स्ट्रॉबेऱ्या देतो आणि मंगळवासी कुणाला जवळच फिरकू देत नाहीत म्हणून हळहळतो. हेंडरसन नावाचा बातमीदार लंडनला तार करतो, पेपरवाल्यांना ती थाप वाटते. खात्री करायला ते उलट तार करतात, उत्तर येत नाही, म्हणून जादा अंक काढत नाहीत. उत्तर कुठून येणार, हेंडरसन मेलेला असतो.

हे प्रकरण मी लागोपाठ दोनदा वाचलं. विज्ञानकथा विज्ञानातून जन्मली असं आपण धरून चालतो, पण वाचकाला पटवायची ही सगळी हत्यारं, म्हणजे ओळखीची गावं, रेल्वे, तारा, उशिरा पोचणाऱ्या बातम्या, सामान्य माणसाची साक्ष, परचक्राच्या गोष्टींनी आधीच घडवून ठेवली होती. वेल्सने शत्रूच्या जागी मंगळवासी आणले आणि चेस्नीची निनावी ‘घातक यंत्रं’ उघडून दाखवली. शिवाय पहिल्याच प्रकरणात, युरोपियनांनी ऑस्ट्रेलियाजवळच्या टास्मानिया बेटावरच्या मूळ लोकांचा संहार केला, त्याचं काय, हे तो विचारतो. ल क्यूच्या जाडजूड ग्रंथात मला असा एक प्रश्न सापडला नाही.

तोंडाची चव बदलायला पी. जी. वुडहाउस यांची ‘द स्वूप!’ (१९०९) घ्या. एकदम नऊ फौजा इंग्लंडवर चालून येतात आणि क्लॅरेन्स नावाचा बॉय स्काउट देश वाचवतो. जर्मन फौज उतरल्याची बातमी पेपरात क्रिकेटचा स्कोअर आणि घोड्यांच्या शर्यतीचा निकाल यांच्या मधे एका ओळीत येते. रात्री मोठ्याने हसलो, घरच्यांची बोलणी खाल्ली.

घ्यावा का? नुसत्या मजकुरासाठी बिनधास्त घ्या. नकाशे, जुनी मासिकं, स्कॅन यांसाठी दहा इंची टॅबलेट बरा. क्रम विचाराल तर चेस्नी, मग लगेच वेल्स, मग वुडहाउस. वेळ उरला तर चिल्डर्स. ल क्यूची पहिली काही प्रकरणं चाळलीत तरी पुरे. आत्ता जॉर्ज ग्रिफिथ यांची १८९३ ची ‘द एंजल ऑफ द रेव्होल्यूशन’ चालू आहे. राइट बंधूंच्या दहा वर्षं आधीच त्यात विमानांनी युरोप भाजून काढलाय, पण माणसं पुठ्ठ्याची वाटतात. संपली की खाली भर घालतो.