आमच्याच धंद्यातला माणूस : ‘द विचर ३’मधला गेराल्ट

मी इंदूरला पेस्ट कंट्रोलचं काम करतो. बावीस वर्षं झाली. वाळवी, झुरळं, ढेकूण, उंदीर. साप घेत नाही, त्याची माणसं वेगळी. हे आधीच सांगतो, कारण मी काही गेमवाला नाही. कंट्रोलर धरायला भाच्याने शिकवलं आणि अजूनही ऐन लढाईत भलतंच बटण दाबून मी उडी मारतो.

‘द विचर ३’ हा व्हिडिओ गेम तसा जुना, मे २०१५चा, पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा. भाच्याने सेलमध्ये दोन्ही विस्तारांसकट, म्हणजे नंतर आलेल्या जादा भागांसकट, घेतला आणि शिकायला पुण्याला निघून गेला. मशीन आमच्या रामबागच्या घरी राहिलं. जूनमध्ये पहिला पाऊस पडला की पंखवाली वाळवी दिव्यांभोवती घिरट्या घालते आणि माझा फोन थांबत नाही. हिवाळ्यात मात्र संध्याकाळी मोकळ्या असतात. त्या संध्याकाळी याला दिल्या.

गेराल्ट विचर आहे, म्हणजे पैसे घेऊन राक्षस आणि भुतंखेतं मारणारा. गावातल्या फळ्यावर कागद लावलेला असतो, की अमुक ठिकाणी काहीतरी आहे, बंदोबस्त करावा. हा जातो आणि आधी विचारतो. कधी दिसलं? दिवसा की रात्री? माग कुठे जातोय? मग पैशाचं बोलणं. त्यासाठी चक्क एक पट्टी दिलीय, आकडा पुढेमागे सरकवायचा, आणि जास्त मागितलं की समोरच्याचा वैताग दाखवणारी दुसरी पट्टी भरत जाते. ती बघून मी एकटाच हसत बसलो. अशी पट्टी माझ्या गिऱ्हाइकांच्या कपाळावर असती तर माझं घर दुमजली झालं असतं.

गिऱ्हाइकांवरून आठवलं. गेममध्ये ड्राउनर नावाचे प्राणी आहेत, पाण्याकाठी दबा धरून माणसाला ओढणारे. आमच्या आजीच्या गोष्टीतले गिऱ्हे, दुसरं काय! गिऱ्हा आणि गिऱ्हाईक, दोघांनाही तोंड देता देता या माणसाची जीभ अशी झाली असावी.

कारण त्याची जीभ हेच या गेमचं खरं भांडवल आहे. तलवारी फिरवणारे पुष्कळ असतात. हा चिडतो, पण ओरडत नाही. डग कॉकल या अमेरिकन नटाने त्याला इंग्रजी आवाज दिलाय, घोगरा आणि सपाट, नुकतीच झोपमोड झाल्यासारखा. समोरचा रडून-भेकून दहा वाक्यं बोलतो आणि हा म्हणतो, “हं.” त्या एका हंमध्ये ‘खोटं बोलतोयस’पासून ‘बरं, करतो’पर्यंत सगळं बसतं. टोमणा मारतो तो हसवायला नाही. काम पुढे सरकवायला मारतो, अर्धा स्वतःशी, अर्धा घोडीशी. घोडीचं नाव रोच. ती गेली की पुढची घोडीही रोचच. माझ्या तिन्ही स्कूटरींचं नाव लक्ष्मी आहे, त्यामुळे मला ते विचित्र वाटलं नाही.

सुरुवातीच्याच गावात एक म्हातारी त्याला काम सांगते. तिचं तळणीचं भांडं एकाने नेलंय आणि घर बंद केलंय. राक्षस मारणारा माणूस, पाठीवर दोन तलवारी, आणि हा भांडं शोधतो! मंत्राच्या धक्क्याने दार फोडतो, आत शिरतो, भांडं आणून देतो. दुसरीकडे कुणाची तरी हरवलेली बकरी, नाव प्रिन्सेस, ती घंटी वाजवत परत आणायची. घंटी वाजवतो, कुरकुरतो, पुन्हा वाजवतो. मी वाळवीचं काम करायला गेलो की कुणीतरी म्हणतंच, “आलाच आहात तर तेवढा पंखा पुसून द्या ना भिया, तुमचा हात पोचतो.” पुसतो. कुरकुरत पुसतो.

दुसरी गोष्ट त्याच्या पद्धतीची. माणसांसाठी पोलादी तलवार, राक्षसांसाठी चांदीची. त्यात प्रत्येक जातीला वेगळं तेल, पात्याला आधी लावायचं. मुंगीचं जेल झुरळाला आणि झुरळाचं वाळवीला चालत नाही हे लोकांना समजावण्यात माझं आयुष्य चाललंय. विहिरीवरची ती दुपारची हडळ घ्या. भर दुपारी दिसते. आई आम्हाला टळटळीत उन्हात विहिरीकडे फिरकू द्यायची नाही, तसंच पोलंडकडच्या आयाही सांगत असणार. तिला नुसतं मारून भागत नाही. विहिरीत उतरायचं, तळाचं तिचं कडं आणायचं, अस्थींबरोबर जाळायचं, मग ती येते, मग जमिनीवर मंत्राचं वर्तुळ आखून तिला त्यात धरायची. वरवर फवारलं तर महिन्याने परत येणार; मूळ कुठे आहे ते शोधायला हवं. हा माणूस धंदा जाणतो.

लोक त्याला म्हणतात, विचरांना भावना नसतात. मलाही सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेल्या बायका विचारतात, “काही वाटत नाही का हो, एवढे जीव मारताना?” याचं उत्तर गेममध्ये एका जहागीरदाराच्या घरी मिळालं. दारुडा, बायकोवर हात उचलणारा. त्याचं मूल जन्माआधीच गेलं, नाव न ठेवता पुरलं, आणि त्याचंच पिशाच झालंय. सोपा उपाय म्हणजे ठार मारणं. दुसरा उपाय असा, की बापाने ते छातीशी धरून रात्रीचं घरापर्यंत न्यायचं, नाव ठेवायचं आणि उंबरठ्याखाली पुरायचं. वाटेत ते पिसाळतं, तेव्हा गेराल्ट बोटांच्या खुणेने त्याला शांत करतो. त्या सबंध चालण्यात त्याच्या तोंडून एक टोमणा निघत नाही. मी थांबून घराचा दिवा लावला आणि पाणी प्यायलो. उंबरठा म्हणजे काय हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता तक्रारी. अक्षरं मुंगीएवढी, टीव्हीवर खेळायचं तर चष्मा आणि धीर दोन्ही हवेत. ग्रिफिनला, म्हणजे गरुडाच्या तोंडाच्या पंखवाल्या सिंहाला, लोळवणारा हा वीर जरा उंचावरून उडी मारली की मरतो. रोच कुंपणाला अडकते ती अडकतेच. गेराल्टची दाढी दिवसागणिक वाढते, ही करामत छान, पण थैलीत ओझं जास्त झालं की हा पळायचंच सोडतो. ग्वेंट नावाचा पत्त्यांचा खेळ भाच्याला आवडतो, मला नाही समजला. आणि हा गेम घरात सगळ्यांसमोर सुरू करू नका. सुरुवातच गेराल्ट टबात पडलेला असतो तिथून होते आणि खोलीत बाई असते. आई शेजारीच वाती वळत होती. तिने चष्म्यावरून पाहिलं आणि एवढंच म्हणाली, “हा इतका वेळ आंघोळ करतो, तर दाढी का करत नाही?”

पैसे वसूल. एवढं काम त्या किमतीत मी करून देणार नाही.

सध्या दुसऱ्या विस्तारात आहे, तूसाँ नावाच्या मुलखात. राणीसाहेबांनी कामाच्या मोबदल्यात त्याला द्राक्षमळा आणि घर दिलंय. आयुष्यभर धर्मशाळेत झोपलेल्या माणसाला स्वतःचा पलंग! बाकीची कामं बाजूला ठेवून मी आधी तळघरात उतरलो आणि लाकूड बघितलं. वाळवी नाही.